मामांच्या दुपारच्या फेरीबाबत लेखी खुलासा

तीर्थरूप मामांस, वरच्या मजल्यावरून भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

(तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं आणि मामाला तीर्थस्वरूप, हे तुम्हीच मला चौथीत शिकवलंत आणि चुकलो म्हणून वीस वेळा लिहून घेतलंत. तरी आज जाणूनबुजून तीर्थरूपच लिहितो आहे. सहाव्या वर्षापासून ज्यांच्या घरी वाढलो, त्यांना दुसरं काय लिहिणार? वाटल्यास पुन्हा वीस वेळा लिहून देईन.)

आपली प्रकृती उत्तम असल्याचं आज सकाळी जिन्यातच समजलं. "शर्टाची बटणं एक घर चुकलीत, साहेब," हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात, त्यावरून छाती, घसा आणि नजर तिन्ही जागच्या जागी आहेत. मामीही ठणठणीत आहे. हे पत्र तीच तुमच्या चहाच्या बशीखाली ठेवणार आहे, तेव्हा बशी जरा जपून उचला. तुमच्यामाझ्यात सतरा पायऱ्यांचं अंतर असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण गोदामावर एकतीस वर्षं रात्रीचे मुख्य पहारेकरी असताना तुम्ही एकही तक्रार तोंडी घेतली नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर तो नियम घरी घेऊन आलात. नळ गळतोय हे मामी तुम्हाला चिठ्ठीवर लिहून देते आणि तुम्ही त्याखाली 'पाहिले' असं लिहून सही करता (नळ अजून गळतोच आहे). मी समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही 'लेखी दे' म्हणाला असतात, आणि एकदा तुमच्यापुढे तोंड उघडल्यावर परत वर जाऊन लिहायला बसण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. शिवाय लेखी खुलाशात अपराध आधी आणि कारणं मागून, ही शिस्तही तुमचीच.

तर अपराध असा. मी तुम्हाला न विचारता तुमचा चेहरा घेतला आहे. झोपलेला चेहरा. तो आमच्या विज्ञान संग्रहालयाच्या नव्या दालनात बसवायचा आहे. दालनाचं उद्घाटन येत्या रविवारी आहे, आणि त्याची फीत कापायला संग्रहालयाने ज्या गृहस्थांना बोलावलं आहे ते तुम्ही आहात. तुम्ही 'येतो' असं कळवलंही आहे, घरात कोणाला न सांगता. (मामीने तुम्हाला गोदामाचा जुना कोट इस्त्री करताना पाहिलं. ती मूग गिळून बसली, पण मला वर येऊन सांगून गेली.) म्हणजे फीत कापून तुम्ही आत पाऊल टाकणार आणि समोर उशीवर तोंड उघडं टाकून तुम्हीच पडलेले असणार. ते होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून ही घाई.

'मी कुठे झोपतो?' असं म्हणून तुम्ही आता कागद बाजूला ठेवाल. कृपा करून ठेवू नका. आपल्या घरात इतरांना तापाच्या गोळ्या असतात तशी तुमची वाक्यं असायची, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. 'झोप ही निव्वळ सवय आहे.' 'दिवसा झोपलेला माणूस आणि उघडं राहिलेलं कुलूप, दोघांचाही भरवसा नाही.' रात्रभर गोदामावर, सकाळी घरी येऊन अंघोळ, वर्तमानपत्र, बाजार, कुणाच्या तरी खुर्चीचा पाय ठोकणं, मग पावणेबाराला 'दुपारची फेरी' म्हणून जे बाहेर पडायचं ते दीडला ताजेतवाने होऊन परत. निवृत्तीनंतरही रात्री तीनदा कड्या तपासता. यात झोप नेमकी कुठे बसते हा हिशेब आम्ही कुणी कधी केलाच नाही. मी तर लहानपणी शाळेत सांगितलं होतं की आमचे मामा झोपत नाहीत. सगळ्या वर्गाने विश्वास ठेवला, कारण पालकसभेला त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं. भूमितीच्या पुस्तकावर माझं डोकं टेकलं की तुम्ही पेलाभर पाणी ओतायचात. त्यामुळे माझी भूमिती सुधारली नाही, पण पाण्याचा आवाज आला की आजही मी ताठ बसतो.

आता कारणं. मला संग्रहालयाच्या तळघरात प्रतिकृती बनवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मातीत खेळायला पगार देतात?" आणि थोड्या वेळाने, जरा घाईने, "तिकडे मागच्या अंगाला जात जाऊ नकोस, सारखं काहीतरी काम चालू असतं." मागच्या अंगाला आमचं तारांगण आहे. तिथे कसलंही काम चालू नाही. त्या वेळी मला वाटलं, मामांना माझी काळजी.

नव्या दालनाचं नाव 'माणसाला झोप का लागते?' असं आहे. शास्त्रीय सल्ल्यासाठी एक डॉक्टरीणबाई येतात, ज्यांनी हयात झोपेच्या अभ्यासात घालवली आहे आणि ज्या कायम थर्मासमधून चहा पीत असतात. बाई फार हुशार, पण कोणतंही वाक्य पुरतं होऊ देत नाहीत. मी फलकावर लिहिलं, 'झोपेत मेंदू स्वतःला स्वच्छ करतो.' त्यांनी मधे 'बहुधा' घातलं. मी लिहिलं, 'झोपेत दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात.' त्यांनी 'बऱ्याच अंशी' घातलं. मी वैतागून लिहिलं, 'झोप आवश्यक आहे.' एवढं एकच वाक्य त्यांनी जसंच्या तसं ठेवलं. म्हणाल्या, "झोपेत काय काय होतं ते आम्हाला बरंच कळलंय. पण हे सगळं जागेपणी का उरकता येत नाही, त्यासाठी माणसाला सात-आठ तास आडवंच का पाडावं लागतं, ते अजून पुरतं ठरलेलं नाही." मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं शिकून त्या जिथे पोचल्या तिथे मी भूमितीच्या पुस्तकावरच पोचलो होतो.

जे ठरलेलं आहे ते तुमच्या माहितीसाठी थोडक्यात देतो (बाईंनी तपासून दिलं आहे, 'बहुधा' तुम्ही आपापले घालून घ्या). माणूस जागा असला की मेंदूत काम केल्याचा एक गाळ साठत जातो, आणि जितका गाळ तितके डोळे जड. चहा त्या गाळाला हलवत नाही, नुसता त्याच्या ठरलेल्या जागेवर आधी जाऊन बसतो, म्हणून त्याची वर्दी मेंदूला लागत नाही. चहा उठला की सगळी वर्दी एकदम. गाढ झोपेत मेंदूत मोठ्या संथ लाटा चालतात. मान, जबडा, खांदे सगळे सैल सोडले जातात. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतो आणि अर्ध्याने पहारा देतो (हे ऐकल्याबरोबर मला तुमची आठवण झाली, पण बाई म्हणाल्या, माणसाला ती सोय नाही). एका जातीच्या जेलीफिशला मेंदूच नसतो, तरी तोसुद्धा वेळच्या वेळी पेंगतो. म्हणजे ज्याला मेंदू नाही त्यालाही झोपेपासून सुटका नाही, मग ज्याला आहे त्याने कितीही ठरवलं तरी काय चालणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे झोप पुरी झाली नाही की मेंदू ती परवानगी न विचारता घेतो. दोन सेकंद, पाच सेकंद, कधी डोळे उघडे ठेवूनसुद्धा. मामा, तुम्ही संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचताना वाक्याच्या मधेच थांबता आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसतो, की आता मामा यावर मत देणार. मी बाईंना एवढंच विचारलं की असं कुणी थांबत असेल तर ते काय असतं. त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

असो. दालनाच्या मध्यभागी एक झोपलेला माणूस हवा होता, पुरत्या मापाचा, पलंगावर. हातपाय, धड सगळं झालं, अडलं ते डोक्याशी. पहिलं डोकं मी आमच्या वायरमनला झोपवून त्याच्यावरून घडवलं. बाई बघून म्हणाल्या, "हा झोपलेला नाही, कोणी हाक मारेल म्हणून कान देऊन पडलाय." (ते खरंच होतं, त्याची ड्यूटी चालू होती.) दुसरं डोकं कल्पनेने केलं. बाई म्हणाल्या, "याची चादर तोंडावरून ओढून घ्या." तिसऱ्याला मी जरासं हसू दिलं, तर म्हणाल्या, हा गादीच्या जाहिरातीतला. झोपेचं सोंग घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. सोंग घेणारा डोळे मिटतो. झोपलेल्याचे मिटलेले असतात. इकडे संचालक रोज जिन्यातून विचारायचे, "डोकं आलं का?" हे डोकं साधलं तर माझी कंत्राटी नोकरी कायम होणार होती, त्यामुळे मला स्वतःच्या डोक्याचीही काळजी वाटू लागली होती.

अशात एके दुपारी तारांगणाच्या घुमटाचा एक पत्रा सैल झाल्याचं कळलं आणि शिडी धरायला माणूस नव्हता म्हणून मला पाठवलं. बारा दहाचा खेळ चालू होता. वर सगळं आकाश, खाली मागे कलणाऱ्या खुर्च्या, मोजून सात माणसं. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तुम्ही होतात. मामा, पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते लिहितो. मला वाटलं, तुम्ही गेलात. तुमची मान एका बाजूला कललेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी वाकून तुमच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला उबदार श्वास लागला. तेवढ्यात तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "कोण?" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "मीच." जागेपणी यावर तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: 'मीच म्हणजे कोण आणि काय काम?' तुम्ही म्हणालात, "बरं." आणि पुन्हा गाढ झोपलात.

मी पत्रा विसरून तिथेच उभा राहिलो. मला तुमची भीती वाटते, हे तुम्हाला माहीत आहे. तशी ती वाटावी अशी तुमची इच्छाही असते. त्या दुपारी ती वाटली नाही. कपाळावरच्या तिन्ही आडव्या रेघा पुसल्यासारख्या झाल्या होत्या, खालचा ओठ जरा लोंबत होता, आणि चेहरा माझ्या आईचा होता. तुमच्या बहिणीचा. घरात तिचा एकच फोटो आहे आणि त्यात ती उन्हामुळे डोळे बारीक करून उभी आहे, त्यामुळे ती नीटशी कशी दिसायची हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी लगेच तळघरात जाऊन माती मळली. पुढचे नऊ दिवस मी डब्यात ओली माती घेऊन बारा दहाच्या खेळाला येत होतो, तुमच्यामागच्या रांगेत, गुरू-शनीच्या उजेडात काम करत. माझ्या इथल्या इतक्या दिवसांच्या नोकरीत मी इतकं मन लावून काहीच केलेलं नाही.

डोकं पुरं झालं आणि बाईंनी एकदाही 'बहुधा' म्हटलं नाही. जबड्याखाली बोट फिरवून म्हणाल्या, "ही खरी गाढ झोप. आणि हा माणूस फार वर्षांचा थकलेला आहे." तोच तारांगणाची निवेदिका काही कामासाठी खाली आली आणि ओरडलीच, "अय्या, हे तर तिसऱ्या रांगेतले काका! किती एकाग्र!" मामा, तुम्हाला कल्पना नाही की त्या मुलीच्या आयुष्यात तुमचं स्थान काय आहे. तिच्या आधीच्या निवेदकाने कार्यभार सोपवताना यादीत प्रोजेक्टर, माईक, दोन जादा दिवे आणि 'तिसऱ्या रांगेतले गृहस्थ' असं लिहून दिलं होतं. सहलीच्या मुलांचा गोंगाट असो की पाच माणसं असोत, ती तुमच्याकडे बघून बोलते. तुमची मान खाली गेली की तिला वाटतं पटलं, आणि ती पुढच्या ग्रहावर जाते. तिची ठाम समजूत होती की शुक्राबद्दल तुम्हाला थोडी शंका आहे पण गुरूबद्दल मुळीच नाही. सर्वांत निष्ठावान प्रेक्षक म्हणून तुमच्या हस्ते फीत कापायची कल्पना तिचीच, आणि पत्र पाठवून ती मोकळीही झाली होती. बाई म्हणाल्या, हा मनुष्य झोपलेला आहे. ती म्हणाली, मुळीच नाही, ते डोळे मिटून ऐकतात. दोघींचा अर्धा तास वाद झाला. शेवटी बाईंनी तिला जबडा दाखवला. ती जबड्याकडे बघत राहिली आणि वर गेली. मला वाटलं, आता ही तुमचं आमंत्रण रद्द करणार. दुसऱ्या दिवशी खेळाला गेलो तर तिने उल्कापाताचा तो धडाड आवाज काढून टाकला होता, आणि शनीपासून पुढे तर ती इतकी हळू बोलत होती की मलाही दोनदा डुलकी आली. तुमच्या लक्षात आलं नसेलच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत झाली होती. त्यात मामी आली. मी चष्मा घरी विसरलो म्हणून ती तो घेऊन तळघरात उतरली. टेबलावर डोकं होतं, गळ्याशी ओलं फडकं गुंडाळलेलं. मी बोलायला लागलो तर ती ओठावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. झोपलेत ते." आणि मग तिच्या लक्षात आलं. ती स्टूल ओढून बसली. मी चहा आणला तो तिने प्यायला नाही. म्हणाली, "अडतीस वर्षं झाली लग्नाला. यांना झोपलेलं मी एकदाच पाहिलं, ते ऑपरेशनच्या वेळी, आणि तेव्हा मला रडण्यातून बघायला फुरसत नव्हती." मला वाटलं, ती माझ्यावर रागावणार. ती माझ्यावर नाही रागावली. तारांगणाचं ऐकल्यावर ती तुमच्यावर रागावली: "घरातल्या गादीत काय काटे होते?" मामा, मी आपला अंदाज केला. तुम्ही एकदा आम्हाला सांगितलंत की मी झोपत नाही, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. त्यानंतर तुम्हाला घरात झोपायला जागाच उरली नाही. झाकली मूठ उघडायची कुणापुढे, तर पेलाभर पाणी ज्याच्या डोक्यावर ओतलं त्या भाच्यापुढे? म्हणून तुम्ही वर खोटं का होईना आकाश असलेली जागा शोधलीत. यात मला तरी काहीही लाजिरवाणं दिसत नाही. लाज वाटली ती आम्हाला अडतीस वर्षं काही कळलं नाही याची.

आता कामाचं. जिवंत माणसावरून चेहरा घडवला तर त्याची लेखी संमती लागते. अर्जावर 'कोणावरून' या रकान्यात मी 'कोणावरूनही नाही' असं लिहिलं होतं. संचालकांनी डाव्या कानाची तुटकी पाळी बघितली आणि म्हणाले, "कोणावरूनही नाही असा कान कसा काय तुटला?" तुमची सही शुक्रवारपर्यंत आली तर साचा ओतायचा, नाही तर पलंगावर ते दुसरं डोकं जाणार, चादर तोंडावरून ओढण्याच्या लायकीचं, आणि माझ्या कायम होण्यावरही बहुधा तीच चादर. माझी बाजू एवढीच मांडतो की तुम्हाला कोणीही ओळखणार नाही. जागेपणीचे मामा आणि हा गृहस्थ यांत काही साम्य नाही, आणि झोपलेले तुम्ही कसे दिसता हे माहीत असणारी माणसं जगात चार, त्यांतल्या तिघी बायका, आणि त्या बोलणार नाहीत. दालनाच्या दारात उभं राहून 'झोप ही निव्वळ सवय आहे' असं भाषणही खुशाल करा. बाई फक्त त्यात एक 'बहुधा' घालतील.

संमतीपत्र सोबत जोडलं आहे. जिथे फुली आहे तिथे सही. 'पाहिले' असं लिहून चालणार नाही.

थोरांना नमस्कार लिहायचा तर या घरात तुमच्यापेक्षा थोर कोणी नाही आणि लहानांना आशीर्वाद द्यायचा तर माझ्यापेक्षा लहान कोणी नाही, म्हणून दोन्ही तुमच्याकडेच सोपवून पत्र पुरं करतो.

आपला आज्ञाधारक (नऊ दिवस सोडून)
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी मामीने वाचलं. 'मूग गिळून' हे तिला आवडलं नाही. आपण बोलत नाही ते समजूतदारपणामुळे, असं तिचं म्हणणं आहे. बाकी मजकूर तिने मंजूर केला.

आणखी एक. वर नोकरीबद्दल लिहिलं ते खरं नाही. कायम केल्याचं पत्र गेल्या आठवड्यातच हातात पडलं, ते बाईंनी नुसती माती बघून केलेल्या शिफारशीवर. म्हणजे सही केलीत किंवा नाही केलीत तरी माझं काही बिघडत नाही. नोकरीचं नाव सांगितलं की तुम्ही नाही म्हणणार नाही, हे माहीत होतं म्हणून तसं लिहिलं. हा दुसरा अपराध, तोही लेखी घ्यावा.

आणि आता, खरं म्हणजे जे सांगायला पत्र लिहायला बसलो होतो ते. तुमचं आमंत्रण गेल्याचं कळल्यापासून अकरा दिवस मला झोप नाही. दालनातले सगळे फलक तोंडपाठ आहेत, काही उपयोग नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मनावर ओझं असलं की होतं असं, आणि हे त्यांनी 'बहुधा' न लावता सांगितलं. तेव्हा नको वाटत असेल तर सही करू नका. डोकं अजून मातीचंच आहे. मी ते माझ्या हाताने मोडीन आणि तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही. फक्त उद्या बारा दहाच्या खेळाला मला तुमच्या शेजारी बसू द्या. मी काही बोलणार नाही, मातीही आणणार नाही. एकट्याला झोप येत नाही तेव्हा शेजारी कोणी झोपलेलं असलं तर येते, असं वाटतं. तुम्ही आधी पोचता, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवा.

मामी म्हणते, दोन धरा.